तोंडाचा कॅन्सर: गाठ कुठे आली यावरून सवय कळते

तोंडाचा कॅन्सर सगळ्या जगात एकाच जागी होत नाही. भारतात तो जास्त करून गालाच्या आतल्या बाजूला आणि खालची हिरडी आणि गाल यांच्यामधली जी खाच असते तिथे होतो. युरोप-अमेरिकेत जिभेच्या कडेला आणि जिभेखाली. आंध्रच्या उत्तर किनारपट्टीवरच्या काही गावांत बायकांना टाळूवर होतो, जी जागा एरवी फार कमी वेळा सापडते. पापुआ न्यू गिनीत ओठांच्या कोपऱ्यात आणि गालात. आता माणसाचं तोंड सगळीकडे सारखंच की, कातडीचा रंग बदलला म्हणून गालाचं अस्तर काही वेगळं होत नाही. मग जागा का बदलते? कारण तोंडात काय ठेवलं जातं आणि कुठे ठेवलं जातं ते बदलतं. गालात तंबाखूचा बार धरून ठेवणाऱ्याचा गाल जातो, जळतं टोक तोंडात घालून ओढणारीची टाळू जाते.

ही एक गोष्ट नीट समजली की "अमुक समाजात तोंडाचा कॅन्सर जास्त का" याचं बरंचसं उत्तर मिळतं. "आमच्या लोकांतच आहे हो हे, रक्तातच आहे" असं लोक फार सहज बोलून जातात आणि मला ते ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण रक्तातच आहे म्हटलं की माणूस हात टेकतो. आणि हा असा कॅन्सर आहे जो बऱ्याच अंशी टाळता येतो.

आधी आकडे बघू. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे जवळपास ३ लाख ९० हजार नवीन रुग्ण निघाले, त्यातले सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतात, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा साधारण अठरा टक्के, आणि या कॅन्सरमध्ये छत्तीस-सदतीस टक्के. त्याच वर्षाच्या आकड्यांवर आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने हिशोब मांडला की यातले किती रुग्ण धूर न काढता खाल्ली जाणारी तंबाखू आणि सुपारी यांच्यामुळे झाले, तर जगात सुमारे १ लाख २० हजार निघाले, आणि त्यातले सुमारे ८३ हजार भारतातले. त्याखालोखाल बांगलादेश आणि पाकिस्तान. म्हणजे या सवयी नसत्या तर एवढी माणसं त्या वर्षी कॅन्सरच्या वॉर्डात आलीच नसती.

आता हे होतं कसं ते. तोंडाच्या आत एक मऊ ओलं अस्तर असतं, त्याच्या पेशी सारख्या झिजतात आणि नवीन बनतात. चुना लावून मळलेली तंबाखू तिथे तासन् तास दाबून ठेवली की तिचा रस लाळेत उतरतो आणि त्या जागेत मुरतो. तंबाखूत नायट्रोसमाइन्स नावाची रसायनं असतात, पान वाळवताना आणि आंबवताना ती वाढतात, आणि ती थेट पेशीच्या डीएनएला चिकटून बिघाड करतात. चुन्याचं काम वेगळं. चुना अल्कलीयुक्त असतो, त्यामुळे निकोटिन पटकन रक्तात जातं, म्हणजे तलफ भागते आणि व्यसनही पक्कं होतं, आणि वर अस्तर सोलवटतं ते वेगळंच. सोललेल्या जागी पेशी घाईघाईने नवीन बनतात, आणि घाईत बनताना बिघडलेला डीएनएसुद्धा तसाच पुढे कॉपी होत जातो. एका दिवसात काही होत नाही, पण दहा-पंधरा-वीस वर्षं रोज तीच जागा, तोच रस.

सुपारीचं मात्र लोकांना अजून पटत नाही. "मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो" हे वाक्य डॉक्टरांना दिवसातून कितीदा ऐकावं लागत असेल. सुपारीत अरेकोलीन असतं, त्याने तरतरी येते, अंग गरम होतं आणि सवय लागते, जगात सुमारे ६० कोटी लोक कुठल्या ना कुठल्या रूपात सुपारी चघळतात असा अंदाज दिला जातो. हेच अरेकोलीन आणि सुपारीत भरपूर असलेलं तांबं मिळून गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे कडक धागे साठवत जातात, आणि शरीर एरवी ते जुने धागे तोडून साफ करतं तेही काम मंदावतं. गाल आतून पांढुरके आणि ताठ होतात, तिखट लागलं की आग होते, आणि मग हळूहळू तोंड उघडेनासं होतं. आधी मोठा घास जात नाही, मग दोन बोटंसुद्धा जात नाहीत. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. ही अवस्था एकदा पक्की झाली की सुपारी सोडूनही तोंड पूर्ववत होत नाही, आणि अशा तोंडात पुढे कॅन्सर होण्याची भीती असते. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा झाला होता, त्यात ७.६ टक्के लोकांना कॅन्सर झाला.

तंबाखू घातलेला विडा कॅन्सर करतो हे त्याच आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने १९८५ मध्येच जाहीर केलं होतं, पण तंबाखू नसलेला विडा आणि नुसती सुपारी यांच्याबद्दल पुरावा गोळा व्हायला वेळ लागला, ते २००३ च्या बैठकीत ठरलं आणि २००४ मध्ये छापून आलं. तेव्हापासून सुपारी पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्यांच्या गटात. वीस वर्षं उलटून गेली तरी सुगंधी सुपारीची पुडी लहान पोरं खातात आणि मोठ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, याचा मला राग येतो.

सुपारी एकटी किती नुकसान करू शकते हे तैवानने दाखवलं. तिथे विड्यात तंबाखू घालतच नाहीत. कच्ची हिरवी सुपारी, चुना आणि नागवेलीचं पान किंवा तिचा तुरा, एवढंच. चघळणारे बहुतांश पुरुष, त्यातही ट्रक चालवणारे, बांधकामावरचे, मासेमारी करणारे, आणि तिथल्या मूळ आदिवासी जमातींत तर बायकाही. तिथे पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर मोठा प्रश्न होऊन बसला. २०१४ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज करून बघितली तेव्हा असं दिसलं की भारतीय उपखंडात तंबाखूशिवाय विडा खाणाऱ्याला धोका साधारण अडीच पट आणि तंबाखूसकट खाणाऱ्याला साडेसात पटीच्या वर, पण तैवानात तंबाखूशिवायच तो जवळपास ११ पट. हा फरक कुठून आला याची बरीच कारणं असणार, सुपारी कच्ची की पिकलेली, दिवसाला किती, सोबत सिगारेट आणि दारू किती. पण "तंबाखू नाही ना, मग ठीक" हा समज तिथेच मोडतो.

पापुआ न्यू गिनीत तर चुन्याचीच तऱ्हा वेगळी. तिथे सुपारी आधी चावतात, मग वेलीचा तुरा चुन्याच्या भुकटीत बुडवून तोंडाच्या कोपऱ्यात घालतात आणि चावतात. चुन्याची ती भुकटी रोज त्याच कोपऱ्यात लागते. तिथल्या रुग्णांचा एक अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात बहुतांश गाठी नेमक्या जिथे चुना लागतो तिथेच होत्या. यापेक्षा उघड पुरावा काय हवा. आपल्याकडे ईशान्येत, मेघालय आणि आसाममध्ये, ओली किंवा आंबवलेली सुपारी पान-चुन्याबरोबर खातात, पाहुण्याला आधी तीच देतात, आणि तिथेही बऱ्याच जणांच्या विड्यात तंबाखू नसते. दक्षिण आफ्रिकेत १८६० पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीयांच्या पुढच्या पिढ्या, खासकरून बायका, तंबाखूशिवाय सुपारी चघळत राहिल्या, आणि नाताळ प्रांतातल्या भारतीय वंशाच्या बायकांत गालाचा कॅन्सर त्यामुळेच डोळ्यात भरण्याइतका दिसला.

आता त्या "रक्तात आहे" वाल्या मुद्द्याकडे येते. तो तपासायचा तर असं काहीतरी हवं की माणसं एकाच शहरात राहतात, हवा-पाणी एक, दवाखाने एक, पण सवयी वेगळ्या. मुंबईत हे आयतंच मिळालं. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६० च्या दशकापासून चालू आहे आणि तिच्यात वेगवेगळ्या समाजांची वेगळी आकडेवारी काढली गेली. पारशी समाजात अग्नी पवित्र, त्यामुळे विडी-सिगारेट ओढणं धर्मालाच मान्य नाही, तंबाखू चघळणंही कमी. तर त्यांच्यात तोंड, घसा, फुफ्फुस अशा तंबाखूच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईतल्या इतरांपेक्षा बरंच कमी निघालं. पण स्तनाचा कॅन्सर त्यांच्यात जास्त निघाला, कारण त्याची कारणंच वेगळी, उशिरा लग्न, कमी मुलं वगैरे. म्हणजे त्यांना कॅन्सर होतच नाही असं काही नाही, ज्या सवयी त्यांच्यात नाहीत त्यांचा कॅन्सर नाही, इतकं सरळ आहे हे. शीख धर्मात तंबाखूला मनाई आहे, आणि २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात पंजाबात तंबाखू वापरणारे साधारण १३ टक्के होते, तर त्याच वेळी त्रिपुरात ६४ टक्क्यांच्या वर. देश एक, आणि फरक पाचपटीचा. महाराष्ट्र त्यात मध्ये कुठेतरी, २६-२७ टक्के, पण गंमत नाही काळजीची गोष्ट ही की आपल्याकडे ओढणारे चारच टक्क्यांच्या आसपास आणि खाणारे-लावणारे चोवीस टक्क्यांच्या वर. म्हणजे आपला प्रश्न जवळपास सगळा तोंडात ठेवायच्या तंबाखूचा आहे.

भारतातल्या भारतात किती तऱ्हा आहेत हे पहिल्यांदा नीट कळलं ते १९६० च्या दशकाच्या शेवटी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत-संशोधन गटाने भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, सिंगभूम आणि दरभंगा या पाच जिल्ह्यांच्या खेड्यांत घरोघर जाऊन ५० हजारांहून जास्त लोकांची तोंडं तपासली. प्रत्येक जिल्ह्याची सवय वेगळी निघाली, कुठे विडी, कुठे पान-तंबाखू, कुठे चुन्यात मळलेली खैनी, आणि आंध्रच्या श्रीकाकुलममध्ये उलटा चुट्टा. चुट्टा म्हणजे जाडजूड देशी चिरूट, तिथल्या बायका त्याचं जळतं टोक तोंडात आणि न जळतं बाहेर ठेवून ओढतात. धूर आणि उष्णता दोन्ही थेट टाळूवर. टाळूवरचे ते लाल-पांढरे बदल आणि टाळूचे कॅन्सर मग तिथेच सापडले. अशीच उलटं ओढायची सवय कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर आणि फिलिपिन्समध्येही आहे, ज्यांचा आंध्रशी वंशाचा काही संबंध नाही, आणि तिथल्या बायकांच्याही टाळूवरच परिणाम दिसतो.

बायकांची गोष्ट इथे वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे बाईने विडी ओढली तर लोक नावं ठेवतात, पण मशेरी लावली तर कोणी काही म्हणत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची, सुरुवात बहुतेक वेळा दात दुखतो म्हणून किंवा आई-सासू लावते म्हणून होते आणि मग सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोटच साफ होत नाही असं सांगतात, कारण निकोटिनने आतडी खरंच हलतात. दिवसातून तीन-चार वेळा होतं. गरोदरपणातही थांबत नाही. आणि त्या बाईला विचारा, तंबाखू खाता का, ती मनापासून नाही म्हणेल, कारण तिच्या लेखी ती दात घासते. ढोबळ प्रश्न विचारला की माहिती अशी निसटते. विदर्भातल्या माणसाला तंबाखू विचाराल तर तो नाही म्हणेल आणि खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण) विचारला तर दिवसाला किती पुड्या ते सांगेल.

मलेशियात तर एका देशात तीन-चार वंश आणि प्रत्येकाची सवय वेगळी, त्यामुळे तिथे हे चित्र फार स्वच्छ दिसतं. मलय पुरुष मुख्यतः सिगारेट ओढणारे, धर्माने दारू वर्ज्य. चिनी वंशाचे लोक सिगारेट आणि दारू दोन्ही, पण विडा नाही. भारतीय वंशाचे लोक, ज्यांचे पूर्वज ब्रिटिशांनी रबराच्या मळ्यांवर नेले, त्यांच्यात विडा-तंबाखू, आणि पुरुषांत वर ताडी किंवा गावठी दारू. आणि बोर्निओ बेटावरच्या साबा-सारावाक भागातल्या मूळ जमातींत बायका विडा खातात. १९९० च्या दशकात तिथे देशभर तोंडं तपासायचं सर्वेक्षण झालं तेव्हा कॅन्सरआधीचे चट्टे भारतीय वंशाच्या लोकांत सगळ्यात जास्त, त्याखालोखाल त्या मूळ जमातींत, आणि चिनी वंशात सगळ्यात कमी सापडले. आता भारतीय आणि बोर्निओच्या जमाती यांचं रक्ताचं नातं काहीच नाही. दोघांत सारखा आहे तो विडा.

पाश्चात्य देशांत गोरे लोक सुरक्षित असतात असं मात्र समजू नका. १९७०-८० च्या सुमाराला फ्रान्सच्या उत्तर आणि पूर्व भागातल्या पुरुषांत तोंड आणि घशाच्या कॅन्सरचं प्रमाण जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी होतं, कारण रोजची दारू आणि त्यासोबत कडक काळ्या तंबाखूच्या सिगारेटी. दारू आणि धूर एकत्र आले की धोक्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. दारूने अस्तर सैल पडतं आणि तंबाखूतलं विष आत शिरायला वाट मिळते, शिवाय दारूचं शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं तेही स्वतः कॅन्सर करणारं. अमेरिकेतल्या १९८८ च्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला दोन पाकिटं सिगारेट आणि चारपेक्षा जास्त पेग घेणाऱ्यांना दोन्ही न घेणाऱ्यांपेक्षा ३५ पटीहून जास्त धोका निघाला. दारू-सिगारेटचा हा रस जिभेखाली साचतो म्हणून तिथे आणि जिभेच्या कडेला गाठ. पुढे फ्रान्समध्ये दारू पिणं कमी होत गेलं तसा पुरुषांतला हा कॅन्सरही उतरला, रक्त काही बदललं नव्हतं.

आणि सगळ्यात बोलका दाखला अमेरिकेच्या दक्षिण भागातला. तिथल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या गोऱ्या बायका पिढ्यान् पिढ्या तपकीर गालात धरायच्या. १९८१ मध्ये त्यांचा अभ्यास झाला, तर सिगारेट न ओढणाऱ्या पण तपकीर धरणाऱ्या बायकांत तोंड-घशाच्या कॅन्सरचा धोका चौपट निघाला, आणि वर्षानुवर्षं धरणाऱ्यांत गाल आणि हिरडीच्या कॅन्सरचा धोका जवळपास ५० पट. म्हणजे "भारतीय" समजला जाणारा गालाचा कॅन्सर, तोच, त्याच जागी, गोऱ्या अमेरिकन बायकांत. अमेरिकेत १९८० च्या दशकात काळ्या पुरुषांत तोंड-घशाचा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा खूप जास्त होता, तेव्हाही दारू आणि सिगारेटचा हिशोब धरला की फरकाचा मोठा भाग तिथेच संपत होता. आता तिथे उलटं झालंय, गोऱ्या पुरुषांत जास्त दिसतो, पण तो बराचसा टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा, एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा. तो आजार वेगळा, त्याचं कारण वेगळं, दोन्ही एकाच आकड्यात टाकले की गोंधळ होतो. ओठाचा कॅन्सर हाही वेगळाच, उन्हात काम करणाऱ्या गोऱ्या लोकांत खालच्या ओठाला, ऑस्ट्रेलियात विशेष. इथे मात्र कातडीच्या रंगाला खरंच अर्थ आहे, कारण गडद कातडी उन्हापासून थोडा बचाव करते.

मग जनुकांचं काहीच नाही का? आहे, थोडं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. जपान, चीन, कोरिया इथल्या बऱ्याच लोकांत, साधारण तीस ते चाळीस टक्के, एएलडीएच-२ नावाचं एन्झाइम नीट काम करत नाही. त्यामुळे दारूपासून बनलेलं अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साचून राहतं, एका पेगात चेहरा लालबुंद होतो. असा माणूस तरीही पीत राहिला तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो आणि तोंड-घशाचाही वाढतो. पण नीट बघा, ते जनुक असून माणूस प्यालाच नाही तर त्या जनुकाचं काही चालत नाही. जनुकाला दारू लागते.

एकाच तंबाखूचं रूप बदललं की धोका किती बदलतो हेही बघण्यासारखं आहे. सुदानमध्ये टूंबाक म्हणून तंबाखू आंबवून, सोडा मिसळून ओठात धरतात, तिच्यात त्या नायट्रोसमाइन्सचं प्रमाण प्रचंड असतं आणि तिथे तोंडाचा कॅन्सरही खूप. स्वीडनमध्ये स्नूस म्हणून तंबाखूच ओठाखाली धरतात, पण ती वाफेवर गरम करून बनवलेली, आंबवलेली नाही, नायट्रोसमाइन्स कमी, आणि तिथे तोंडाच्या कॅन्सरशी संबंध बराच कमजोर दिसतो. याचा अर्थ स्नूस खावी असा अजिबात नाही, व्यसन तेच लागतं. पण "तंबाखू खाणारा समाज" असं एकच लेबल लावून चालत नाही एवढं यातून दिसतं. सौदीच्या जिझान भागातली शम्मा, पठाणी आणि मध्य आशियाई लोकांची नसवार, गुजरातचा मावा, बिहारची खैनी, प्रत्येकाचं मिश्रण वेगळं.

माणसं देश सोडून जातात तेव्हा सवय सामानाबरोबर जाते. ब्रिटनमध्ये बांगलादेशी कुटुंबांतल्या मोठ्या पिढीच्या बायका सिगारेटला हात लावत नाहीत पण जर्दा घातलेलं पान दिवसभर चालू असतं, आणि इंग्लंडमध्ये दक्षिण आशियाई बायकांत तोंडाचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा जास्त नोंदला गेलाय. परक्या देशात पान म्हणजे आपली माणसं, गप्पा, गावाची आठवण, ते तोडणं सोपं नाही हे मला कळतं. तिथे जाऊन "तुमची संस्कृती वाईट" म्हणणारा डॉक्टर काही मिळवत नाही, उलट ती बाई पुढच्या वेळी तोंड उघडून दाखवणार नाही.

पण गुटख्याच्या पुडीला संस्कृती म्हणणं मला मान्य नाही. जेवणानंतर एखादा विडा ही जुनी रीत असेल, पुडीतला पानमसाला-गुटखा हा १९७० नंतर पसरलेला कारखान्यातला माल आहे. त्यात पान नसतंच, सगळं कोरडं, सुपारी आणि तंबाखू दाटलेली, पुडी खिशात मावते म्हणून दिवसातून कितीही वेळा. तोंड आखडायची ती अवस्था विड्यापेक्षा गुटख्याने फार लवकर येते, कोवळ्या पोरांत सुद्धा. २०१२ मध्ये आधी मध्य प्रदेशने आणि मग महाराष्ट्राने बंदी आणली, तर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत असं विकायला लागले, माणूस हातावर मिसळून घेतो. जाहिरातीत फक्त वेलची दिसते.

आणि कष्टाचा भाग विसरून चालणार नाही. तंबाखूने भूक मरते, झोप उडते, म्हणून ऊस तोडणारा, रात्रपाळीचा ट्रकवाला, मळ्यावरची बाई, मच्छीमार हे लोक ती धरतात. आकडेवारीत जे "अमुक समाज" म्हणून दिसतं ते पुष्कळदा "अमुक काम करणारी आणि कमी पैसे मिळणारी माणसं" असतं. फळं-भाज्या कमी, दातांकडे लक्ष द्यायला सवड नाही, दवाखाना लांब, आणि गाठ दाखवायला आणतात तेव्हा ती गालातून बाहेर आलेली. कोण वाचतो यातला मोठा फरक कोण कुठल्या स्टेजला दवाखान्यात पोचतो यात पडतो.

सवय सोडली तर फरक पडतो का? पडतो. टाटा संस्थेच्या गटाने तपासलेल्या त्या पाच जिल्ह्यांतल्या तीन जिल्ह्यांत पुढे तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ३६ हजार लोकांना घरोघर जाऊन समजावलं गेलं, त्याचे पाच वर्षांचे निकाल १९८६ मध्ये आले, एर्नाकुलमसारख्या ठिकाणी तोंडात नवीन पांढरे चट्टे येण्याचं प्रमाण स्पष्ट कमी झालं. आणि नुसतं तोंड बघण्याने सुद्धा जीव वाचतात. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन टॉर्च मारून तोंडं तपासली, २००५ मध्ये निकाल आला की तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. महागडं मशीन लागलं नाही, टॉर्च आणि शिकवलेला माणूस. तैवानने सुपारी आणि सिगारेटवाल्यांसाठी देशभर हेच चालू केलं आणि तिथेही मृत्यू घटले.

म्हणून तपासताना प्रश्न नेमका विचारायला हवा. तंबाखू खाता का असं नाही. तोंडात काय ठेवता, कुठल्या गालात, चुना असतो का, दिवसातून किती वेळा, रात्री तसंच ठेवून झोपता का, मशेरी लावता का, सोबत दारू असते का. हे सगळं न रागावता. घरातल्या माणसालाही असंच विचारता येतं.

आणि आरशासमोर उजेडात स्वतःचं तोंड बघा, गाल बोटाने बाजूला ओढून, जीभ वर करून, दोन्ही कडा. दोन आठवडे झाले तरी न भरलेली जखम, न पुसला जाणारा पांढरा चट्टा, त्याहून जास्त काळजीचा लाल मखमली चट्टा, कारण नसताना हललेला दात, बधिर झालेला ओठ, मानेत गाठ, किंवा स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर दातांच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात जायचं. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते दुखतच नाही. बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही निव्वळ अफवा आहे, तो छोटा तुकडा काढल्याशिवाय काहीच ठरत नाही. सुरुवातीलाच सापडलेले बहुतेक रुग्ण बरे होतात. सोडायचं ठरवलं असेल तर भारतात १८००-११-२३५६ ही सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन फुकट आहे, फोन करा, पहिले काही दिवस तलफ जोरात येते, डोकं दुखतं, चिडचिड होते, त्यासाठी औषधं आणि निकोटिनचे च्युइंगगम मिळतात, त्याबद्दल तिथेच विचारा.